घोड्यांच्या पुढे की मागे

अमेरिकेत, सुपीरिअर सरोवराकाठच्या डुलुथ नगरात, ऑर्व्हिल स्कोगलंड चाळीस वर्षे टपाल वाटून निवृत्त झाले होते. परंतु दर रविवारी दुपारी, ग्रंथालयाच्या तळघरात, ते ‘ध्रुवयात्री’ या अंतराळनौकेचे कप्तान असत. नौका दूरचित्रवाणीवरील एका जुन्या मालिकेतली. तिचे भक्त, कप्तानांसह, अकरा.

चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीचा अर्ज त्या दिवशी भरावयाचा होता आणि त्यातील एकच रकाना रिकामा होता: पथक सैनिकी की नागरी? सैनिकी पथके अग्रभागी चालत. नागरी मंडळे मिरवणुकीतल्या घोड्यांच्या मागून. एकोणिसाव्या वर्षी सपाट तळव्यांमुळे सैन्याने ऑर्व्हिलना परत पाठवले होते. एकदा तरी अग्रभागी चालावे, ही इच्छा त्यांनी तेव्हापासून देवघरातल्या समईसारखी जपली होती.

मालिकेतल्या अंतराळ-ताफ्याच्या तोफा, हुद्दे, सलाम्या असे सारे पुरावे त्यांनी निष्ठेने मांडले. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका मॅक्सीन कोवाल्चिक यांनी उत्तरादाखल ताफ्याची शपथच म्हटली. तिचा आरंभ अज्ञाताच्या शोधाने होतो. मग तोफा कशाला, या प्रश्नावर त्या म्हणाल्या की अस्वलांच्या रानात दगड गोळा करायला जाणारा भूशास्त्रज्ञही बंदूक नेतोच. तासभर वाद चालला. कोणीतरी प्रेमाने आणलेले बटाट्यांचे भांडे पार निवून गेले.

अखेर ऑर्व्हिल उठले. “कप्तान म्हणून आज्ञा देतोय. ‘सैनिकी’ लिहा.”

मॅक्सीनबाईंनी कडक सलामी दिली. “जशी आज्ञा, कप्तान. आज्ञेवर मतदान हवं, असं कोणाकोणाला वाटतं?”

मंडळाची प्रथाच तशी होती. तत्काळ अकरा हात वर गेले. अकरावा हात आपलाच आहे, हे ऑर्व्हिलना जरा उशिरा दिसले. त्यांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिले.

“कुठल्या सैन्यात असं चालतं गं, मॅक्सीन?”

“कुठल्याच नाही. म्हणून तर आम्ही तुझ्या नौकेवर आहोत, बाबा.”

ऑर्व्हिलनी स्वहस्ते ‘नागरी’ लिहिले.

चार जुलैला त्यांच्यापुढे बावीस घोडे चालले होते, आणि घोड्यांनी आपला मार्ग मुक्तहस्ते चिन्हांकित केला होता. सपाट तळव्यांनी पथकाच्या सर्वांत पुढे चालणाऱ्या कप्तानांना लिदीचा पहिला ढीग दिसला.

“डावीकडे!”

दहाही जण एकाच पावलावर डावीकडे वळले. मतदान कोणीही मागितले नाही.