पुंजाराम मापाड्याचा हुलिया

परवान्याचा नवा पितळी बिल्ला उन्हात तापला होता आणि सदऱ्यातून त्याचा चटका थेट कातडीला बसत होता – पण पुंजारामानं तो सरकवला नाही. सरकारी वस्तू, तिला तापायचं तिथं तापू द्यावं. परतूरच्या बाजारात सकाळची पोती उतरत होती. अकरा वर्षं तो ह्याच काट्याखाली उभा होता, आणि अकरा वर्षांत त्याला कुणी पुंजाराम म्हणालं नव्हतं. आजवर परवाना काकासाहेबांचा, म्हणून तो काकासाहेबांचा माणूस – राम राम, काकासाहेबांचा माणूस! काकासाहेबांच्या माणसाला पोरगी झाली म्हणे... खुद्द काकासाहेब घरी ओट्यावर बसून सुपारी कातरत.

आणि यंदा हुकूम आला: ज्याच्या हाती काटा, त्याच्याच नावे परवाना, सालाला सहा रुपये सरकारजमा, बिनपरवान्याचा मापाडी बाजाराबाहेर. बाकीचे मापाडी ह्या कराच्या नावानं बोटं मोडत होते. पुंजाराम मात्र कर भरायला लग्नाला निघाल्यासारखा निघाला.

कचेरीत अजमत मुन्शींनी नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, मग वर पाहिलं.

"हुलिया? बदन पे कुछ निशान? तीळ, घाव?"

"न्हाई जी. बिलकुल साफ." हे तो जरा ऐटीतच म्हणाला.

मुन्शींनी टाक खाली ठेवला. "निशान नै तो परवाना नै, मियाँ. सरकार कैसा पैचानना, के तुम तुमीच हो?"

प्रश्न वाजवी होता. तो घेऊनच पुंजाराम कचेरीबाहेर पडला.

बाजारात इब्राहीम हमालानं मन लावून विचार केला. "पंचशेरीचं वजन हाणू का कपाळात? जल्दी काम होईल." पुंजाराम परत जाऊन विचारून आला. ताजी खूण चालत नव्हती.

मग दोन दिवस न्हाव्याचा आरसा उसना आणून स्वतःची तपासणी – गुडघे, कोपरं, तळपाय, कानामागचा भाग... कुठं काही नाही. विंचू चावला नाही, बैलानं उडवलं नाही, साधा विळासुद्धा कधी लागला नाही – असा कोरा माणूस असतो का? अडतीस वर्षं मी होतो तरी कुठं? काकासाहेबांच्या माणसाला खुणेची गरज नव्हती. काकासाहेब हीच त्याची खूण. ती गेली तर खाली उरतं काय...

"पाठीवर हाय की," झुंबरबाई म्हणाली. ती भाकरी थापत होती आणि तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "डाव्या खवाट्याखाली. जवसाएवढा तीळ."

"तुला कवापासून ठावं?"

"लगीन झालं तवापासून."

"मंग दोन दिवस मी काय करून राह्यलो, दिसलं न्हाई तुला?"

"दिसलं की. म्हनलं, आरशात तोंड पाहून राह्यले. तुमी इचारलं कवा?"

पण कचेरीचं पोट तिळानं भरेना. अर्जदारानं शपथेवर सांगायचं, की निशाण मी स्वतः पाहिलं आहे – आणि स्वतःची पाठ कुणी पाहिली आहे? पुंजाराम सदरा काढून उघडा उभा, खोटी शपथ घ्यावी की नाही ह्या विचारात, तेवढ्यात दारापाशी थांबलेली झुंबरबाई पदर सावरत पुढे आली.

"मी पाह्यलाय. चौदा वर्षं पाहते. माही गवाही लिवा."

मुन्शी कानापर्यंत लाल झाले, आणि त्यांनी फार सुंदर अक्षरात लिहिलं.

...आता पहिलं पोतं काट्याला लागलं होतं. मोजणीत पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. अकरा वर्षं तो ते पुटपुटायचा, उसना आवाज वापरल्यासारखा.

"लाभ!"

असा आवाज निघाला की पलीकडच्या अडतीतली कबुतरं उठली. "हळू की, पुंजाराम," कुणीतरी ओरडलं – पुंजाराम! – आणि तो हसला, काट्याची दांडी स्थिर होईतो हसतच राहिला. कसा मी सरकारला ठावा झालो! झुंबरला तर आधीपासूनच ठावा. दोघं मला ओळखतात, तिसरा मी – त्या दोघांच्या मानानं अगदीच नवखा... शेतकरी दुसरं पोतं घेऊन ताटकळला होता. पुंजारामानं घाई केली नाही. बिल्ल्यामागच्या ह्या नव्या माणसाशी अजून त्याची नीट बोलणीच झाली नव्हती.