ससा रवंथ करेपर्यंत

सुभेदार नावाच्या सशाचा मोडलेला पाय सहा आठवड्यांत सांधला आणि तो डॉक्टरांच्या टेबलावरून उडी मारून पळाला. ही बातमी वाचकांनी तूर्त विसरून जावी. तूर्त तो नूतनच्या मांडीवर पडलेला आहे, शेळीनं तुडवलेला मागचा पाय लोंबतो आहे आणि नूतनचे सासरे गेनूबा ओसरीवर बांबूच्या कांब्या तासत आहेत. पुढचं कुणालाच काही माहीत नाही.

"डॉक्टरीणबाई परवा भेटतील," नूतन म्हणाली. "लसी टोचायला गुंजवण्याकडं गेल्यात."

"तंवर वाकडा बसंल." गेनूबांनी कांबीची धार बोटावर घासून पाहिली. "एवढ्या शेळ्यांचं पाय बांधलं म्या. ह्याचा तर काडीएवढा."

"म्हणूनच म्हणते, मामा."

पुढचं ती बोलली नाही. गेनूबांचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. शिमग्याला त्यांनी कोंडिबाच्या करडाचा पाय बांधला, तो वाकडा बसला. तेव्हापासून वाडीतलं एकही जनावर त्यांच्या ओसरीवर आलं नव्हतं. ते करडू मात्र रोज दोनदा दारावरून लंगडत जाई, कारण कोंडिबाची चराईची वाट तीच होती.

गेनूबांनी चिंधीचं एक टोक दातांत धरलं. हात थरथरले तसे ते थांबले. थरथर जरा ओसरली की एक वेढा, पुन्हा थांबायचं, पुन्हा एक वेढा. नूतननं श्वास रोखला होता. सुभेदार आपला तिच्या पदराचा काठ खात होता.

बांधून झाल्यावर त्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकलं. शेळीच्या बाबतीत गेनूबांचा नियम साधा होता. दुखणं सरलं की जनावर निवांत बसून रवंथ करतं, तेव्हा कांब्या सोडायच्या. म्हणून ते रोज संध्याकाळी डालग्यासमोर उकिडवे बसू लागले. दर चार दिवसांनी चिंधी बदलत, हिरवं गवत टाकत आणि सशाच्या तोंडाकडं बघत राहत.

"गेनूबा, काय कीर्तन ऐकताय व्हय त्याचं?" कोंडिबानं जाता जाता विचारलं.

"रवंथाची वाट बघतुय."

"आन् न्हाई केला तर?"

"तर दुखतंय अजून."

पंधरा दिवसांनी नूतन म्हणाली, "सोडायचं का आता? तोंड हलतंय की."

"ती नुसती चुळबूळ हाय. रवंथात जनावर डोळं बारीक करतं."

महिना झाला. सुभेदारानं डोळे बारीक केले नाहीत. सहाव्या आठवड्यात गेनूबांनीच त्याला टोपलीत घातलं. "डॉक्टरीणबायलाच इचारू, ह्यो रवंथ का करंना."

दवाखान्यात गेनूबा आणि नूतनच्या मागंच कोंडिबा करडाला लस द्यायला उभा होता. डॉक्टर शेफालीबाईंनी कांब्या सोडल्या, पाय दोन बोटांनी चाचपला, ताणून पाहिला आणि पुन्हा चाचपला.

"कुणी बांधला हा?"

गेनूबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "म्या."

"आणि सहा आठवडे ठेवलात? कसं ठरवलं?"

"रवंथ करीना म्हणून सोडलाच न्हाई."

शेफालीबाई थोडा वेळ सशाकडं आणि थोडा वेळ गेनूबांकडं बघत राहिल्या. "बाबा, ससा रवंथ करत नाही. कधीच नाही."

मागं कोंडिबा खो खो हसला.

"पण नाही सोडलात तेच बरं केलंत," त्या म्हणाल्या. "लोक घाईनं सोडतात, मग हाड वाकडं बसतं. हे मात्र अगदी सरळ बसलंय."

कोंडिबाचं हसणं थांबलं. तो एकाएकी करडाच्या कानातले गोचीड शोधू लागला. गेनूबा सावकाश मागं वळले.

"कोंडिबा, तू किती दिसानं सोडलं हुतंस?"

"कशाला ते आता."

"किती?"

"आठ," कोंडिबा करडाच्या कानात म्हणाला. "लई वरडत हुतं वो ते."

गेनूबांनी हात पुढं आणले आणि टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे, ठेवले. ते थरथरतच होते. सुभेदारानं त्यांच्यावरून उडी घेतली आणि तो औषधांच्या कपाटाखाली गेला. तिथून त्याला काढायला शासकीय वेळेतला पाऊण तास गेला. तेवढ्यात बातमी बाहेरच्या रांगेत पोचली आणि एका म्हातारीनं आपली लंगडी मेंढी डॉक्टरांऐवजी गेनूबांपुढं आणून उभी केली.

"जनावरांसाठी काही हवं असेल तर अर्ज द्या," ती दोघं निघताना शेफालीबाई म्हणाल्या. "मी वर पाठवीन."

नूतननं बाकावर बसून तिथंच कागद मागून घेतला आणि शाळेत शिकवलेल्या अक्षरात लिहिलं:

'अर्ज करण्यास कारण की, माझे सासरे गेनूबा हे गेली पन्नास वर्षे जनावरांचे मोडलेले पाय बांधत असून त्यांचे दोन्ही हात आजही कामावर हजर आहेत. थरथर आहे, परंतु त्यामुळे कामास बाधा येत नाही, हे सोबतच्या सशावरून दिसून येईल. तरी सदर हातांना आणखी वीस वर्षांची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.'