पाटावरची पक्कड

"हॅलो, लाइनमन हाये का?"

"लाइनमन नाही जी, लाइनमनची माय बोलून राहिली."

पलीकडचा माणूस आधी हसला, मग त्याला आपलं काम आठवलं. "मावशी, बारा वाजतापासून लाइन नाही. गिरणीत परसादाचे गहू अडकून पडले. अर्धं पीठ, अर्धे गहू! पाण्याची टाकीबी कोरडी. पोट्टीले लवकर पाठवा."

"न्हाऊन राहिली ते. नवमी हाये ना आज. पाठवते."

माणिकबाईने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता, कारण दोन्ही हात गुंतले होते. एका हातात सुई, दुसऱ्या हातात झेंडू. पुढ्यात अंगणभर फुलांचा ढीग. केशरी आणि पिवळा, नुसता पेटल्यासारखा. उद्या दसरा. वलगावच्या पेढी नदीकाठच्या त्यांच्या मळ्यातला अर्धा झेंडू घेऊन तिचा नवरा किसनराव आणि मुलगा मनोज पहाटेच टेम्पोने अमरावतीला गेले होते. उरलेल्या अर्ध्याचे हार व्हायचे होते, आणि हार करायला घरात एकच सुई चालू होती.

फोन ठेवायची सोय नव्हती. ठेवला की वाजत होता. "लाइनमन हाये का?" दर वेळी माणिकबाई तेच सांगत होती, आणि दर वेळी 'लाइनमनची माय' हे शब्द तोंडातून निघताना तिला आतून गुदगुल्या होत होत्या. कोणाला दिसू नये म्हणून ती फुलांकडे बघून हसायची. गुदगुल्यांच्या मागून भीती यायची. ती मात्र हसण्याने झाकली जात नव्हती.

भीती जुनी होती, चार महिन्यांची. प्रणाली नोकरीवर रुजू व्हायला निघाली त्या सकाळी माणिकबाईने तिला उंबऱ्यातच थांबवलं, तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "पोलावर चढशीन तं माही आण हाये तुले." पोरगी बघतच राहिली. लाइनमनने खांबावर चढायचं नाही म्हणजे कोंबड्याने आरवायचं नाही! पण आईचं डोकं हाताखाली गरम लागत होतं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. तेव्हापासून मीटर बघ, वायर बदल, खालची कामं कर, एवढंच तिने केलं. वर चढायला जुना लाइनमन शालिकराम होता, तीस वर्षं खांबांवर काढलेला.

खरं तर माणिकबाईला प्रणालीची 'बाई' करायची होती. शाळेतली बाई. इस्त्रीची साडी, हातात पर्स, पोरं उभी राहून नमस्ते म्हणणारी. थोरला मनोज तसाच मास्तर व्हायला निघाला होता. त्या काळात गावात ज्याच्या-त्याच्या घरात डी.एड. होत होतं. मनोजने डी.एड. केलं, परीक्षा दिल्या, पुन्हा दिल्या, भरतीची वाट पाहता पाहता मिशीचे केस राठ झाले. आता तो फुलांचा टेम्पो चालवतो. गाव अजून त्याला 'मास्तर'च म्हणतं. "मास्तर, टेम्पो जरा बाजूले घ्या ना!" नोकरीने नाही दिलं ते नाव टेम्पोला चिकटलं.

प्रणाली ते सगळं पाहत मोठी झाली. दहावीनंतर सायकलवर टांग टाकून ती अमरावतीच्या आयटीआयला गेली आणि तारांचा कोर्स निवडून आली. वर्गात अडतीस पोरं, दोन पोरी. "काहून वो हे?" असं माणिकबाईने कपाळावर हात मारून विचारलं, तेव्हा पोरगी म्हणाली होती, "माय, फळा रिकामा राह्यला तं चालते लोकाइले. बल्ब बंद राह्यला तं चालत नाही."

आज सकाळी खंडेनवमीची पूजा मांडताना माणिकबाईने एक गोष्ट केली. पाटावर विळा ठेवला, खुरपं ठेवलं, कुदळ टेकवली. मग प्रणालीची पिशवी उघडली. पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे, जाडजूड कमरपट्टा, पिवळं हेल्मेट. एकेक पुसून पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, कमरपट्ट्याला झेंडूची माळ गुंडाळली. प्रणाली आली आणि दारातच थबकली. चार महिन्यांत आईने त्या पिशवीला हात लावला नव्हता.

"माय!" ती एवढंच म्हणाली आणि तिने आईला मागून मिठी मारली.

माणिकबाईने तिच्या हातावर थोपटलं. तिच्या मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक मायेची. दुसरी लबाडीची. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. बैलाला पोळ्याची सुट्टी, तशी हत्याराला ही. दसऱ्याचं सोनं लुटून आल्यावर मगच हात लावायचा. शालिकराम परवा पडल्यापासून तिला नुसत्या आणीचा भरवसा उरला नव्हता; पण आज तरी खांबाचं नाव नाही. निदान एक दिवस पोरगी जमिनीवर.

सुई मात्र पाटावर नव्हती. ती कधीच नसायची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच नवमीला सोळा वर्षांच्या माणिकबाईने हौसेने सुई पाटावर ठेवली होती, तर सासूने झडप घालून उचलली. "येडी झाली का? आज सुई बसली तं उद्या सगये देव बिनहाराचे राह्यतीन! आपल्या सुईले सुट्टी नसते." तेव्हापासून एकतीस नवम्या झाल्या. सगळ्या हत्यारांना कुंकू लागायचं, सुईला नाही. ओवता ओवता माणिकबाईने तिच्यासाठी दोन ओळी तेवढ्या बांधल्या होत्या, त्याच ती आताही गुणगुणत होती:

सुई बाई सुई, तुले डोया एक,
त्याच्यातून मले दिसे एकलीच लेक.

"माय, कोणाचा फोन होता?" प्रणाली ओले केस झटकत बाहेर आली.

माणिकबाई उत्तर देणार तोच फाटकाशी मोटारसायकल थांबली. कोणाच्या तरी मागे बसून शालिकराम आला होता. गुडघ्याला जाड पट्टी. परवा ओल्या बांधावरून घसरला होता.

"प्रणाली, चाल बेटा. गिरणीपाशी पोलावरचा जंपर जळाला. तारेले तार जोडणारा तुकडा वो, वहिनी," त्याने माणिकबाईला समजावलं. "शिडी लावून ठेवली. म्या खाली उभा राह्यतो. पण वर तुलेच चढा लागन. हा गुडघा पाह्य, निरा भोपळा झाला."

प्रणालीने पाटाकडे पाहिलं. मग आईकडे.

"आज हत्यार उचलत नाहीत," माणिकबाई पुटपुटली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

शालिकराम उंबऱ्यावर टेकला. "वहिनी, एक सांगू? साहेब इचारत होते मले. म्हणे, चार महिन्यात पोट्टी एकदाबी वर चढली नाही. चढत नसन तं हापिसात बसवतो, फायली लिहाले. म्या म्हटलं, भेत नाही ते, काईतरी कारण असन. पण कारण तं मले ठाऊक नाही ना."

कारण अंगणात झेंडूच्या ढिगाशी बसलं होतं. हातातली सुई थांबली होती.

"तू सांगतलं नाही?" माणिकबाईने लेकीला विचारलं.

"तुही आण होती. लोकाइले कायले सांगू?"

"अन् फायली लिहाले पाठवलं असतं तं?"

"तं गेली असती," प्रणाली म्हणाली. "पण मले फायली नाही लिहाच्या, माय. मी पयली आली होती पोलाच्या परीक्षेत. त्या अडतीस पोट्ट्यात." ती पाटाजवळ जाऊन उभी राहिली, पण वाकली नाही. "मी नाही उचलत. तू उचलून देशीन तं जाईन."

फोन पुन्हा वाजायला लागला. लाइनमन हाये का, लाइनमन हाये का, असं जणू ती घंटीच विचारत होती.

माणिकबाईने हातातल्या सुईकडे पाहिलं. एकतीस वर्षं. गावाला नवमीला सुट्टी, तिच्या सुईला नाही, कारण उद्या देवांना हार लागतात. गावाला हार लागतो तसा उजेडही लागतो. मग पक्कड काय आणि सुई काय! दोघी एकाच जातीच्या निघाल्या. तिला हसू आलं. एवढी साधी गोष्ट, आणि सकाळपासून आपण देवालाही फसवायला निघालो होतो.

ती ताडकन उठली. मांडीवरची फुलं घरंगळली. पाटापुढे हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "देवी माय, आमच्या घरच्या हत्याराइले सुट्टी नसते, तुले तं ठाऊकच हाये." मग पक्कड उचलून लेकीच्या हातात दिली. हातमोजे दिले, कमरपट्टा दिला. हेल्मेट स्वतः तिच्या ओल्या केसांवर बसवलं.

"अन् आण?" प्रणालीने हळूच विचारलं.

"सोडली. चाल लवकर, पीठ अडकलं लोकाइचं!"

गिरणीपाशी हा मेळा! बायका डबे घेऊन, म्हातारे काठ्या टेकून, पोरं भिंतींवर. मंडपातल्या देवीपुढची आरतीसुद्धा एवढी भरली नव्हती. प्रणालीने सबस्टेशनला फोन लावून लाइन बंद करून घेतली, काम करायच्या परमिटचा नंबर मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवला. शालिकरामने डीपीचा खटका पाडला. तारेला तपासणीची काठी टेकवून वीज नसल्याची दोघांनी खात्री करून घेतली.

"तपासून घेतली का दोन खेप?"

"घेतली, काका."

"मंग चढ. पट्टा पयले अडकवजो, हात मंग सोडजो."

तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि गर्दीची कुजबुज थांबली. दुसरी पायरी. पाचवी. माणिकबाई शिडीचा पाय घट्ट धरून उभी होती. कोणी सांगितलं नव्हतं, तरी धरला होता. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून ती लेकीच्या बुटांच्या तळव्यांकडे बघत होती. मग तळवेही लहान झाले.

तेवढ्यात शेजारची पार्वताबाई, जिने प्रणालीला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, डोळ्यांवर हात धरून ओरडली, "अवो बाप्पा! उतर वो पोट्टे खाली! हातपाय मोडतीन, मंग बायको कोण करन तुले? उतर म्हणते ना!"

*उतर.* माणिकबाईच्या कानात तो शब्द फार लांबून आला. तेरा वर्षांची होती ती. माहेरच्या चिंचेच्या शेंड्यावर बसलेली, तोंडात आंबट गाभुळी चिंच, खाली अख्खं शिवार दिसतंय, नदीचं वळण, शाळेची कौलं. आणि खालून बापाचा आवाज: उतर, आता मोठी झाली तू. ती उतरली होती. नंतर शाळाही उतरली तिच्या अंगावरून, सातवीतच. त्या उंचीवरून शिवार कसं दिसतं, हे तिने परत कधी पाहिलं नाही.

तिने मान वर केली. पोरगी आभाळात होती. पिवळं हेल्मेट, आणि कमरपट्ट्याला घाईत काढायची राहून गेलेली झेंडूची माळ.

"उतरू नोको!" माणिकबाई ओरडली. आवाज फाटला, पण तिने पुन्हा हाक दिली. "प्रणाली! काम झाल्याबिगर उतरू नोको!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पार्वताबाईचा तर आ वासलेलाच राहिला. वरून प्रणालीने एकदा खाली पाहिलं, हसली असावी, एवढ्या लांबून कळलं नाही. मग पट्टा अडकला, खट्. हात सुटले. पक्कड चालू लागली.

पट्टा हलेल तशी माळ खांबाला घासू लागली. एकेक पाकळी सुटून खाली येऊ लागली. शालिकरामच्या टोपीवर, बायकांच्या डब्यांत, गिरणीच्या पत्र्यावर, माणिकबाईच्या केसांत. पोरं भिंतींवरून उड्या मारून त्या झेलायला धावली.

दहा मिनिटं. की पंधरा. ती खाली उतरली, शालिकरामने खटका वर केला, सबस्टेशनला परमिट परत केलं. सगळे गिरणीकडे बघत. आणि गिरणी घर्रर्र करून गर्जली! अर्धं राहिलेलं पीठ भसाभस सांडू लागलं, कोणी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मंडपातला भोंगा मध्येच तुटलेल्या गाण्यापासून सुरू झाला.

"लाइनमन झाली वो तुही पोट्टी!" पार्वताबाई डोळे पुसत म्हणाली.

"लाइनमन कायची, पोट्टी हाये ते!" गिरणीवाला म्हणाला.

"मंग काय म्हनाव?"

"लाइनमनच म्हना," माणिकबाई म्हणाली. "नाव जुनं असू द्या. उजेड तं पडला ना?"

शालिकरामने खिशातून नोंदवही काढली आणि ती प्रणालीसमोर धरली. "घे, तूच लिही. जंपर बदलला. वर चढलं कोण, ते नाव तुह्या हातानं टाक."

दिवेलागणीला दोघी घरी आल्या. अंगणातला झेंडू तसाच पेटलेला. किसनराव आणि मनोज यायला अजून वेळ होता, आणि हार निम्म्याहून जास्त बाकी होते. प्रणालीने पक्कड, मोजे, पट्टा पुसून पाटावर जागच्या जागी ठेवले. पक्कडीवरचं कुंकू तिच्या तळहातावर उतरलं होतं. माळेत नुसता दोरा राहिला होता.

माणिकबाईने सुईतला दोरा तोडला. सुई पदराला पुसली, नीट निरखली, आणि पाटावर पक्कडीच्या शेजारी आडवी ठेवली. करंगळीने कुंकवाचा ठिपका लावला. सुई एवढी बारीक की ठिपका तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला.

"माय, अन् हार?" प्रणाली चकित होऊन म्हणाली. "ओवशीन कशानं?"

"बोटं हायेत ना. गाठी मारून करू. तू बस, एक टोक धर."

बल्बखाली दोघी समोरासमोर बसल्या. एकीने दोऱ्याचं टोक धरलं, दुसरी फूल ठेवून गाठ मारत गेली. फूल, गाठ. फूल, गाठ. वेळ जास्त लागत होता. पाटावर, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, सुई निवांत पडली होती.