डावीकडे सरकणारा बाण

मित्रांनो, टीव्हीखालच्या कप्प्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला टेकून बसलेला मी एक जुना गेम कन्सोल आहे. माझा मूळ रंग काळा. सध्याचा रंग धूळ पुसल्याशिवाय सांगता येणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात चिप बसवली, मेमरी बसवली आणि वर एक पंखा बसवला. खरं म्हणजे माझ्यात आणि कॉम्प्युटरमध्ये फारसा फरक नाही. आम्ही दोघंही आकडेमोडच करतो, फक्त फार वेगाने. त्याच्या आकडेमोडीतून पगारपत्रक निघतं, माझ्यातून मोटारींची शर्यत. म्हणून त्याला टेबल मिळतं आणि मला टीव्हीखालचा कप्पा.

या घरात मी छोटीच्या वाढदिवसाला आलो. छोटी आता कॉलेजात आहे, उंचीने तिने बाबांना गाठलं आहे, पण घरात ती छोटीच. सुरुवातीला माझे काय लाड झाले म्हणून सांगू! छोटी मला स्वतःच्या रुमालाने पुसायची. बाबा शहर बसचे चालक. कामावरून आले की ते बूटही न काढता शर्यतीला बसायचे.

"दिवसभर बस चालवली, आणि विसावा म्हणून पुन्हा गाडीच?" आई विचारायची.

"हिच्यात मागून कोणी घंटी मारत नाही," बाबा म्हणायचे.

आईने मला कधी नावाने हाक मारली नाही. तिच्या लेखी मी डबडं. "या डबड्याने आजवर कोणाचं भलं केलंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की मलाच ते माझं आडनाव वाटू लागलं.

मग छोटीच्या हाती फोन आला, घरात लॅपटॉप आला, आणि माझ्या डोक्यावर फुलदाणी आली. त्यातच माझा रिमोट आजारी पडला. कंट्रोलर हे त्याचं खरं नाव, पण या घरात जे हातात मावतं आणि टीव्हीकडे रोखलं जातं ते सगळं रिमोट. त्याच्यावर अंगठ्याने हलवायची एक छोटी दांडी असते. दांडीच्या पोटात एक बारीक पट्टी असते, आणि तिच्यावरून एक टोक घासत फिरतं. एकाच बाजूला फार घासलं की पट्टी तिथे झिजते. मग दांडी सोडून दिली तरी ती मला सांगत राहते, "डावीकडे, डावीकडे." आणि मी ऐकतो. मला खरंखोटं कळत नाही, मला फक्त आकडे कळतात.

"बाबांनीच बिघडवली. ते बसच्या स्टिअरिंगसारखी पिळतात," छोटी म्हणाली.

"माझ्या हाताखाली गाडीचा आरसासुद्धा हललेला नाही. तुझंच काम हे," बाबा म्हणाले.

हे भांडण पुढे बरेच दिवस पुरलं. आई पोळपाट पुसत शांतपणे म्हणायची, "कोणी का बिघडवली असेना. खेळायचंच कशाला?"

मित्रांनो, आता एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो.

दुपारी बाबा बसवर, छोटी कॉलेजात. आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते वाचनालयात. अशा वेळी फुलदाणी अलगद उचलली जायची. टीव्हीचा आवाज बंद व्हायचा. आई एक पाय मुडपून सोफ्यावर बसायची, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरायची आणि लंबगोल मैदानावर गाडी सोडायची. त्या मैदानाला फक्त डावी वळणं होती. ती रोज तेच मैदान निवडायची, आणि रोज स्वतःलाच हरवायची. दांडी झिजली तेव्हा तिने तक्रार केली नाही. तिने अंगठ्याला किंचित उजवीकडे रेलायला शिकवलं आणि गाडी सरळ धरली. खेळ संपला की फुलदाणी पुन्हा जागेवर, तीही फुलांची तीच बाजू पुढे करून.

छोटी लहान असताना आणि अण्णा आजारी असताना आईने नर्सची नोकरी सोडली होती. आता तिला पुन्हा कामावर जायचं होतं. एका रुग्णालयाने तिला घ्यायचं ठरवलंही होतं. अट एवढीच, की नोंदणी ताजी करायची ऑनलाइन परीक्षा ती उत्तीर्ण व्हायला हवी. आईने पुन्हा पुस्तकं काढली. कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये ती औषधांच्या मात्रा पाठ करायची. आणि परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, सकाळीच, लॅपटॉपने मान टाकली.

परीक्षेचं पान फोनवर उघडेना. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेच्या जागी आता केक मिळतात. रविवार असल्यामुळे सगळे घरातच होते आणि कोणालाच काही सुचत नव्हतं. आई पुस्तकावर हात ठेवून बसली होती.

तेवढ्यात छोटीने माझ्याकडे पाहिलं. "आई, याच्यात ब्राउझर आहे."

"या डबड्यात?" आई म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

फुलदाणी उतरली. छोटीने माझ्या पाठीवरच्या जाळीत फुंकर मारली. बाबा शिंकले. कीबोर्ड जोडला, तो मी लगेच ओळखला. आईचं नाव आणि पासवर्ड त्याच्यावरून टाइप झाला. माउस जोडला, तर मी ढिम्म. आमच्या ब्राउझरला माउसची सवयच नाही. पडद्यावरचा बाण हलवायचा तर रिमोटच हवा. आणि रिमोट एकच, डावीकडे ओढ असलेला.

परीक्षा सुरू झाली. टीव्ही मोठा, त्यामुळे प्रश्न दुकानाच्या पाटीएवढे दिसत होते. अण्णा निवृत्त कंपाउंडर. त्यांनी पहिला प्रश्न मोठ्याने वाचला आणि घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"अण्णा, खोकला असेल तर आत जाऊन वाफ घ्या," आई म्हणाली. "उत्तरं मी माझी देणार."

अण्णा स्वयंपाकघरात गेले. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं.

नाडी मोजताना कोणतं बोट वापरू नये, असा प्रश्न आला. पर्याय एका ओळीत होते: तर्जनी, मधलं बोट, अनामिका, अंगठा. आईला उत्तर पाठ होतं. तिने बाण अंगठ्यावर नेला आणि बटण दाबेपर्यंत तो घसरून अनामिकेवर गेला. उत्तर नोंदलं गेलं. मागे जायची सोय नव्हती.

"अगं, तो डावीकडे सरकतो," छोटी म्हणाली. "दे इकडे, तू सांग, मी दाबते."

"नको. परीक्षा माझी आहे."

"पण तुला हे येत नाही ना."

आईने पुढचा प्रश्न उघडला. त्याचाही बाण घसरला. त्याच्या पुढचाही. मला दिसत होतं, ती मुद्दाम रिमोट ताटासारखा दोन्ही हातांवर धरून बसली होती, आयुष्यात पहिल्यांदाच हाती आल्यासारखा. एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला इतक्या वर्षांचा दरारा. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. मी काय करणार? मी फक्त पंखा जोरात फिरवला.

बाबा हळूच म्हणाले, "राहू दे गं. पुढच्या वर्षी देऊ."

"पुढच्या वर्षी" हे ऐकलं आणि आईने एक पाय मुडपला. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात गेलं. रिमोट हातात नीट बसला, अंगठा किंचित उजवीकडे रेलला, आणि बाण जिथे हवा तिथे खिळल्यासारखा उभा राहिला. बटण. पुढचा प्रश्न. बटण. पुढचा. छोटीचं तोंड उघडंच राहिलं. अण्णा वाफेचं भांडं विसरून दारात आले. घड्याळ संपायच्या आत शेवटचं बटण दाबलं गेलं, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत शब्द आला: उत्तीर्ण.

टाळ्या झाल्या, अण्णांचे डोळे पुसून झाले. मग सगळ्यांच्या नजरा आईच्या अंगठ्यावर गेल्या.

"डावीकडे ओढणाऱ्या गाडीवर हात असा एका दिवसात बसत नाही," बाबा म्हणाले.

"तुमच्या शेजारी बसून इतकी वर्षं प्रवास केलाय."

"बसमध्ये माझ्या शेजारी सीट नसते."

छोटी रिमोट हातात फिरवत होती. "आई, म्हणजे ही दांडी..."

"साखर घालू का सगळ्यांच्या चहात?" असं विचारत आई आत गेली. या घरात सगळे वर्षानुवर्षं साखरेचाच चहा पितात.

आता आई कामावर जाते. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, पण छोटीने माझा कीबोर्ड काढलेला नाही. बाबा माझ्यावर बसचं वेळापत्रक पाहतात, अण्णा औषधांविषयी वाचतात आणि पडद्याशी वाद घालतात. छोटीने दांडी बदलून आणायचं काढलं, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे. माझा हात बसलाय तिच्यावर." सुट्टीच्या दिवशी ती आता टीव्हीचा आवाज चालू ठेवून बसते आणि बाबांना म्हणते, "सरका जरा."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. कप्प्यात पडलेल्या जुन्या यंत्रावर फुलदाणी ठेवण्याआधी त्याच्या जाळीतली धूळ झाडून पाहा. आत कदाचित एखादी परीक्षा पार पाडण्याइतकी ताकद असेल. आणि घरातलं मोठं माणूस एखाद्या दुपारी एकटंच खेळताना दिसलं, तर काही विचारू नका. दार हळूच लोटून घ्या. त्याची फेरी चालू असते.