मिस अर्डेलाच्या खिडक्या

खिडकीचं तावदान वर सरकवलं की खालच्या खाचेत पांढरी पूड पडे, दर वेळी चिमटीच्या दहाव्या हिश्शाइतकी. मी शेजारीच राहते आणि शहराच्या प्रयोगशाळेत जुन्या रंगातलं विषारी शिसं मोजते, म्हणून माझी नजर आधी तिथेच जाई.

घर अर्डेलाचं; वयाचा मान म्हणून गल्ली तिला 'मिस अर्डेला' म्हणे. बाल्टिमोरच्या आमच्या गल्लीत शंभर वर्षांची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. प्रत्येक दारापुढे संगमरवरी पायऱ्या. दर शनिवारी त्या घासायच्या, हा रिवाजच. बहात्तराव्या वर्षीही तिच्या पायऱ्यांची सर कुणाला नव्हती. तिचा हात चालताना नुसतं बघत राहावं.

दोन वर्षं मी म्हणत होते, घर एकदा तपासून घेऊ.

"शिसं घाणेरड्यांच्या घरात असतं गं. माझ्या फरशीवर वाढ, तिथे जेवेन मी."

एका शनिवारी आम्ही पायऱ्या घासत होतो, तेव्हा तिची मुलगी लोरेन हातात कागद घेऊन आली. तिच्या वर्षाच्या मुलीच्या, जूनीच्या रक्तातलं शिसं मागच्या तपासणीच्या दुपटीवर गेलं होतं. जूनी दिवसभर आजीकडेच असे.

"आई, आता तिला इथे ठेवणार नाही मी."

"माझ्या घरात धुळीचा कण दाखव आधी!" अर्डेला माझ्याकडे वळली. "सांग की, शास्त्रीणबाई!"

"खिडक्या कधी रंगवल्या?"

"एप्रिलात. दर वर्षीच. यंदा पोरीसाठी जुना रंग जास्तच घासून काढला. कोरड्या पॉलिशपेपरने."

"त्या रंगात शिसं असलं तर घासताना त्याची बारीक धूळ होते. जूनी रांगते, हात तोंडात घालते. पण हा अंदाज आहे. तपासल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही."

तिने हातातला ब्रश बादलीत ठेवला.

"म्हणजे मीच घातलं तिच्या पोटात?"

"तुला कुठे ठाऊक होतं, आई."

"ही दोन वर्षं सांगत होती. मीच ऐकलं नाही."

अहवाल पाहून माझ्याशी भांडणारे, घरमालकाला शिव्या देणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःकडे इतकं सरळ बोट दाखवणारी ही पहिलीच.

समोरचा शेजारी पर्नेल आपल्या पायऱ्या घासता घासता ओरडला, "काय अर्डेला, हात थांबला? म्हातारी झालीस!"

"गप, पर्नेल. आणि ऐका सगळे!" कठडा धरून ती उठली. सगळ्या गल्लीतले ब्रश थांबले. "जूनी सध्या लोरेनकडे राहील. आणि सोमवारी माझं घर शिशासाठी तपासणार आहेत. एकूणएक खिडकी. मीच बोलावतेय."