मिरजगावची जुनी लाइन

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका डेअरीत आदिनाथ चौदा वर्षं नेटवर्क सांभाळत होता. अठ्ठावन्न दूध संकलन केंद्रांच्या लाइनी सुप्याला यायच्या आणि इथूनच बाहेर जायच्या. लाइन चालू ठेवणं त्याचं काम, त्या लाइनींवरून आत-बाहेर कोण जातंय यावर पहारा सुरक्षा विभागातल्या नीलांबरीचा. खुर्च्या शेजारी, भांडणं रोजची, चहा एकत्र.

मग डेअरीचं काम क्लाउडवर गेलं. केंद्रं सुप्याचा वळसा न घेता थेट तिकडे जोडली गेली आणि पहाराही तिथेच बसला. माणूस कोण, कॉम्प्युटर कुठला, हे दर वेळी तपासूनच वाट मोकळी व्हायची. दोन विभागांचा एक विभाग झाला, प्रमुख नीलांबरी. आदिनाथ तिला मॅडम म्हणू लागला. तिने दोनदा ‘नको’ म्हटलं, मग नाद सोडला.

मिरजगाव केंद्र मात्र रोज अडायचं. तिथल्या दुधाचं फॅट मोजणाऱ्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर इतका जुना, की नवी व्यवस्था त्याला दारातूनच परत पाठवायची. केंद्र चालवणाऱ्या लंकाबाईंचा सकाळी साडेसहालाच फोन यायचा.

“सायेब, मशीन काई घेईना. बाया क्यान घिऊन उभ्यात. ऊन चढलं की नासंल सगळं.”

आदिनाथने नीलांबरीला तीन मेल केले. ‘नवा कॉम्प्युटर येईपर्यंत सूट देता येणार नाही,’ एवढंच उत्तर आलं. कॉम्प्युटर काही आला नाही. शेवटी मार्चमध्ये त्याने कुणाला न विचारता मिरजगावची बंद पडलेली जुनी लाइन चालू केली. ती सुप्याच्या जुन्या सर्व्हरवरून जायची, आणि सुप्याहून आलेलं म्हणून पुढे कुणी हटकत नव्हतं. लंकाबाईंचे फोन थांबले.

मे महिन्यात एका सकाळी लंकाबाईंच्या नावाने कुणीतरी सगळ्या दूध उत्पादकांची यादी उतरवून घेऊ लागलं. नाव, फोन, आधार, सगळं. नीलांबरीला पडद्यावर दिसलं, तिने काही मिनिटांत वाट तोडली. तोवर चार हजार माणसांची माहिती गेली होती.

“बाईने पासवर्ड कुणाला तरी दिला असणार,” मॅनेजर म्हणाले. मिरजगाव केंद्र त्याच दिवशी बंद झालं.

आदिनाथला ऐकताक्षणीच कळलं, चोर त्याने चालू केलेल्या जुन्या लाइनीवरूनच शिरला. तो आपल्या खुर्चीत परत जाऊन बसला. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच मिटला. घरी बायकोने विचारलं, तर ‘पित्त झालंय’ म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तिथला जुना कॉम्प्युटर आणायला त्यालाच मिरजगावला पाठवलं. लंकाबाई केंद्राच्या पायरीवर बसल्या होत्या.

“सायेब, आईची आन, म्या कुनाला काई सांगितलं न्हाई. गावात लोक चोर म्हनत्यात. तुमीच बसवलं हुतं ना समदं? तुमी सांगा की त्यांला.”

आदिनाथने नुसती होकाराची मान हलवली. त्यांनी आग्रह केला, तरी तो चहाला थांबला नाही.

सुप्याला पोचताच तो सरळ नीलांबरीपुढे जाऊन उभा राहिला. “लाइन मी चालू केली होती. मार्चपासून. बाईंचा काही संबंध नाही.”

तिने समोरचा लॅपटॉप मिटला. “तुला वाटलं, नुसता रस्ता काढला. पण आता रस्ता आणि दार वेगळी राहिलीत का, आदिनाथ?”

“मी तीन मेल केले होते.”

“हो,” ती म्हणाली. “मी नीट वाचलेसुद्धा नाहीत.” तिने कागद पुढे ओढला. “अहवालात तेही लिहिते.”

तिने खरंच लिहिलं. तिला ताकीद मिळाली. आदिनाथचे सगळे अधिकार काढून त्याला भांडारात बसवलं. मिरजगावला आठवड्याभरात नवा कॉम्प्युटर पोचला, लंकाबाईंना केंद्रही परत मिळालं. पण केंद्रावरच्या त्रेसष्ट बायांपैकी सव्वीसच परतल्या, बाकीच्या दुसऱ्या डेअरीला दूध घालू लागल्या होत्या.

आदिनाथने लंकाबाईंना फोन करून सगळं सांगितलं.

“मंग त्या दिशी पायरीवर का न्हाई बोलला?” त्यांनी विचारलं.

“लंकाबाई, मी...” तो म्हणू लागला. पलीकडे कुणीतरी कॅन आपटला, आणि लंकाबाईंनी फोन ठेवला.