फेब्रुवारीची भेंडी

फेब्रुवारीत भाजीचा प्लॉट कोण सुरू करतं? कोणी नाही. इथे दुबईत लोक ऑक्टोबरमध्ये बिया टाकतात, जानेवारीत ग्रुपवर टोमॅटोचे फोटो टाकून आपल्याला जळवतात आणि मे उजाडायच्या आत गाशा गुंडाळतात. आम्ही सुरू केला फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी. कारण ऑक्टोबरमध्ये माझे पप्पा ठणठणीत होते, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला.

दोन स्टेंट टाकले. माणूस घरी आला, पण जो गेला होता तो आला नाही. आमचे मुरलीधरराव छत्तीस वर्षं रास अल खोरच्या होलसेल मार्केटात भाज्यांच्या कोल्ड स्टोअरचे सुपरवायझर. फोर्कलिफ्टच्या वर आवाज चढवायची सवय. घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारचे मल्याळी दार उघडून बघायचे. हॉस्पिटलमधून आल्यावर हाच माणूस मला विचारायला लागला, "रिद्धी, बाल्कनीत बसू का? अर्धा कप चहा घेऊ का?" आणि मी, त्यांचीच पोरगी, कधी हो म्हणायचे, कधी नाही म्हणायचे.

खरं सांगते, मी जेलर झाले होते. मीठ माझ्या ताब्यात, गोळ्या माझ्या ताब्यात, लिफ्ट बंद असेल तर खाली उतरायचं नाही. दुपारी डुलकी लागली की मी त्यांच्या छातीकडे बघत बसायचे, वरखाली होतेय ना म्हणून. आई म्हणायची, "अगं, त्यांना जरा श्वास घेऊ दे." मी म्हणायचे, "तेच तर बघतेय!" मला एकच भीती होती. पप्पा जातील, आणि मी तेव्हा ऑफिसात कुठल्यातरी फालतू मीटिंगमध्ये असेन.

प्लॉट ही डॉक्टरांची आयडिया. म्हणाले, त्यांना हलकं काम द्या, मातीत रमतील. अल ऐन रोडला, शहर संपतं तिथे, एक फार्म आहे. फॅमिलीसाठी जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने देतात. एक कुटुंब सीझन अर्ध्यात टाकून कॅनडाला गेलं होतं, त्यांचा सतरा नंबर रिकामा होता. मी घेऊन टाकला. आई लगेच, "आठशे दिरहम? म्हणजे एकोणीस-वीस हजार रुपये! एवढ्यात लुलू सुपरमार्केटातली भेंडी वर्षभर आली असती." मी म्हटलं, कुंदाबाई, चप्पल घाला आणि गाडीत बसा.

तर पहिला शनिवार. मी, आई, पप्पा आणि माझी आठ वर्षांची दिया. नवरा, नीरव, अबू धाबीकडच्या मुसफ्फाच्या साइटवर अडकलेला, त्याला शनिवार-रविवार माहीतच नाही. प्लॉट बघून दिया म्हणाली, "मम्मा, धिस इज जस्ट सँड." पोरीचं काही चुकलं नव्हतं. आजूबाजूच्या लोकांनी लाकडी खोके करून त्यात विकतची काळी माती भरली होती, त्यांच्याकडे कोबी, पालक, सूर्यफुलं. आमच्याकडे वाळू आणि मेलेलं एक वांग्याचं झाड.

फार्मची देखभाल करायला अलीमियाँ म्हणून सिल्हेटकडचे गृहस्थ आहेत. साठीचे, दाढी मेंदीने रंगवलेली. त्यांचं हिंदी बंगालीतून येतं, पप्पांचं मराठीतून. दोघांचं असं जमलं की पाच मिनिटांत एकमेकांची तंबाखू कधी सुटली ते सांगून झालं. मी पप्पांना सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. "तुम्ही फक्त सांगायचं," मी म्हटलं. "हात लावायचा नाही."

मी दियाला घेऊन नळाकडे गेले आणि परत येऊन बघते तर काय! पप्पा खुर्ची सोडून उभे, हातात फावडं, आणि फावडं डोक्याच्या वर. माझं डोकंच फिरलं. धावत जाऊन मी ते हिसकावलं आणि सगळ्या फार्मला ऐकू जाईल अशी ओरडले, "मरायचंय का तुम्हाला?"

पलीकडच्या प्लॉटमधली क्लेअर, वसईची, चर्चच्या शनिवारच्या प्रार्थनेवरून थेट आलेली, ती मिरच्या तोडता तोडता थांबली. अलीमियाँनी मान दुसरीकडे वळवली. पप्पा खुर्चीत जाऊन बसले आणि टोपी नीट केली. पूर्वीचे असते तर मला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. तेवढं तरी करायला हवं होतं त्यांनी. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. सॉरी म्हणावं असं दहा वेळा तोंडापर्यंत आलं, पण मी पण त्यांचीच मुलगी ना.

बुधवारी सकाळी अकराला मी ऑफिसात होते. अनोळखी नंबरवरून फोन. वारा इतका की अर्धं ऐकू येईना.

"मॅडम, फार्म से अलीमियाँ. बाबा का वफा हो गया. आप आ जाओ."

"क्या?"

"वफा हो गया, मॅडम. बाबा का वफा." आणि फोन कट.

आता हे समजून घ्या. मी जन्मले दुबईत, शाळा दुबईत, नऊ वर्षं अरबी सक्तीचं. नोकरी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या एचआरमध्ये. साइटवरचा, कॅम्पमधला कोणी कामगार वारला की त्याचे कागद माझ्या टेबलावर येतात. सगळ्यात वरच्या कागदावर अरबीत लिहिलेलं असतं, शहादत वफा. मृत्यूचा दाखला. वर्षातून चार-पाच वेळा मी तो हातात घेते. वफा या शब्दाचा माझ्या कानात दुसरा कुठला अर्थच नाही.

मी परत फोन लावला, लागेना. पप्पांना लावला, आईने उचलला. "अगं, फोन चार्जिंगला विसरून गेलेत. राजाभाऊंच्या पिकअपमधून फिरायला गेलेत कुठेतरी. का गं?" राजाभाऊ म्हणजे पप्पांचे मार्केटातले जुने दोस्त. मी म्हटलं, काही नाही, सहज. आईला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. तिच्या आवाजात इतकी साधी सकाळ होती, कुकर लावलेला ऐकू येत होता. नीरवला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी निघालो मुसफ्फाहून. तू हळू चालव."

कसली हळू! अल ऐन रोडवर माझ्या डोळ्यांना पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट काय माहितीय? डोकं आपोआप कामाला लागलं. पोलिसांचा कागद, दूतावासाचा कागद, व्हिसा कॅन्सल, विमानाचं कार्गो. दुसऱ्यांच्या बापांसाठी पाठ केलेली यादी, एकेक करून पप्पांच्या नावाने पुढे यायला लागली. मला माझीच शिसारी आली. मी स्टिअरिंगवर हात आपटून "बंद कर, बंद कर" असं मोठ्याने ओरडत होते. आणि मध्येच ते वाक्य. मरायचंय का तुम्हाला. चार दिवस न बोललेल्या बापाला मी शेवटचं काय बोलले, तर हे.

फार्मच्या गेटवर अलीमियाँ उभे होते. चेहऱ्यावर हसू! मी दार उघडं टाकून उतरले. "हँस क्या रहे हो? कहाँ हैं?" ते बिचारे गांगरले आणि त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

सतरा नंबरमध्ये पप्पा बसले होते. उकिडवे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात कागदी कपातला कडक चहा. जिवंत. चहा फुंकून पीत होते.

मी पळत सुटले. ऑफिसचे हील्स, ओढणी कुठे, पर्स कुठे, मला शुद्ध नव्हती. समोर काय आहे, खाली काय आहे, काही बघितलं नाही, सरळ त्यांच्या अंगावर जाणार तेवढ्यात पप्पा उठून उभे राहिले आणि गरजले.

"अगं ए भवाने! वाफ्यातून चालतेस? डोळे फुटले का? सकाळपासून केलाय तो वाफा, बांध तोडलास सगळा! हो बाजूला!"

मी जागच्या जागी थांबले. एक पाय चिखलात, एक बाहेर. पलीकडचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. पप्पांचा चहा सांडला होता, मान लाल झाली होती, आणि तो आवाज थेट रास अल खोरच्या मार्केटातला होता.

"काय?" मी म्हटलं. "काय केलंय सकाळपासून?"

"वाफा! वाफा! तू ज्याच्यात उभी आहेस तो!"

मी खाली बघितलं. वाळूत चांगला वीतभर खोल, सपाट चौकोन होता. शेणखत कालवून काळा केलेला, चारी बाजूंनी हाताने थापलेला बांध. म्हणजे, तीन बाजूंनी. चौथ्या बाजूवरून मी आले होते. माझं मराठी अल मनखूलच्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शिकलेलं आहे. त्यात स्वयंपाक आहे, सण आहेत, आईची बोलणी आहेत. शेत नाही. बी पेरायला जमिनीचा असा चौकोन करतात आणि त्याला वाफा म्हणतात, हे मला चौतिसाव्या वर्षी, चिखलात उभं राहून कळलं.

मी तिथेच मटकन बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना. पप्पा घाबरले. "अगं, एवढं काय लागलं तुला? बांध परत घालता येतो." मग मी हुंदके देत सगळं सांगितलं. अरबीत त्याचा अर्थ काय, मी काय समजले, कशी आले. अलीमियाँनी कपाळावर हात मारला. "तौबा, तौबा! बाबा बोला, बेटी को बोलो वाफा हो गया, बीज वो डालेगी. हम वही बोला, मॅडम!"

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग पोट धरून. हसताना खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. मी छातीकडे बघितलं नाही. तोंडाकडे बघत होते.

"फावड्याला हात लावला नाही हं," हसणं ओसरल्यावर ते म्हणाले. "विचार या अलीमियाँना. खोदलं यांनीच. मी नुसती दोरी धरली आणि बांध थापला." त्यांनी ऐकलं होतं. चार दिवस अबोला धरून, माझा शब्दन् शब्द ऐकला होता.

"पप्पा, शनिवारी मी जे बोलले..."

"ते राहू दे. आधी नीरवला फोन कर."

नीरव कुठेतरी जबल अलीच्या पुढे होता. मी म्हटलं, "खलास, परत फिर, पप्पा जिवंत आहेत." तो म्हणाला, "मग गेलं कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही गेलं. वाफा झाला." तो बिचारा अंधेरीत वाढलेला गुजराती. "वाफा म्हणजे?" पप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि भर उन्हात जावयाला समजावून सांगायला लागले. इथे खोक्यात माती वर का भरायची नाही, पाणी कसं उडून जातं, जमिनीच्या खाली ठेवलं तर मुळाशी कसं राहतं, सासवडला त्यांचे आजोबा उन्हाळ्यात हेच कसं करायचे. दहा मिनिटं बोलले. मधे एकदाही श्वास घ्यायला थांबले नाहीत.

मग त्यांनी मला कामाला लावलं. हील्स काढ. बांध थाप. असा नाही, ओल्या हाताने. भेंडी वीतभर अंतरावर, तू काय मेथी पेरतेस का? कडेला झेंडू, म्हणजे कीड लागणार नाही. झेंडूचं बी उलटं धरलंस, वेंधळे! फेब्रुवारी हीच भेंडी लावायची खरी वेळ, त्या ऑक्टोबरवाल्यांना काय कळतंय! दीड तास शिव्या खाल्ल्या मी. चौतीस वर्षांची बाई, टीम लीड, एचआर. एकदाही उलट बोलले नाही. अलीमियाँ झारीने पाणी घालत होते आणि माझी कीव करत होते.

निघताना पप्पा हात धुता धुता म्हणाले, "रविवारी मी परत येतोय. एकटा. राजाभाऊ सोडतील."

तो प्रश्न नव्हता. नोव्हेंबरपासून ते प्रत्येक गोष्ट विचारून करायचे, आणि हे त्यांनी नुसतं सांगितलं. माझ्या तोंडाशी सगळी यादी आली. ऊन, बीपी, गोळी, पाणी, अँब्युलन्स इथे यायला किती वेळ लागेल. ती गिळायला मला थोडा वेळ लागला.

"या," मी म्हटलं. "पण फोन घेऊन जा, पप्पा. स्वतः फोन करा मला."

"करेन," ते म्हणाले. "तू तोवर मराठी शीक."